साखरेचं उभं गोदाम

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास नारायणगावहून खोडदला जाणारा रस्ता शाळांच्या बसगाड्यांनी गजबजतो. मुलं येतात ती जीएमआरटी बघायला. ४५ मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीने विणलेल्या ३० अँटेना. त्यातल्या १४ खोडदजवळच्या एका चौकोनात आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही रेडिओ दुर्बीण इथे उभी केली. तिने टिपलेला हायड्रोजनचा एक क्षीण संदेश २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला. तो एका दूरच्या दीर्घिकेतून निघाला होता ८.८ अब्ज वर्षांपूर्वी. मुलं आ वासून ऐकतात आणि त्यांनी ऐकावंच.

पण बसच्या खिडकीतून या अँटेनांच्या आधी दिसतो तो ऊस. कुठे तुटून पाचट पसरलेलं रान, कुठे माणूस बुडेल एवढा उभा फड. दिवाळीनंतर कारखाने सुरू झालेत, शेजाऱ्याचा ऊस केव्हाच गेलाय, मग हा अजून इथे का? विज्ञान दिनाला विचारण्याजोगा हाही प्रश्न आहे. गंमत अशी की नेमक्या याच दिवसांत उसातली साखर जवळजवळ शिगेला पोचलेली असते. इथून पुढे उन्हाचा प्रत्येक आठवडा ती खाली खेचणार असतो. बाहेरून काहीही दिसत नाही. ऊस तसाच हिरवा, तसाच उभा असतो. आत काय चाललंय ते कळायला थोडं आत शिरावं लागतं.

सूर्यप्रकाशापासून साखर करण्यात उसासारखा पटाईत गडी शेतात दुसरा क्वचितच सापडेल. गहू, भात, सोयाबीन यांची पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट साखर बनवणाऱ्या यंत्रणेकडे देतात. त्या यंत्रणेची खोड अशी की कडक उन्हात ती कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनच उचलते आणि केलेली कमाई वाया घालवते. उसाने यावर तोड काढली आहे. त्याच्या पानात आधी एका प्रकारच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडतात, चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि आतल्या दुसऱ्या पेशींकडे पोचवतात. तिथे तो इतका दाटतो की चूक व्हायला फारशी जागाच उरत नाही. या रीतीला आज ‘सी-४’ म्हणतात. ज्वारी-मक्याकडेही ती आहे. मात्र तिचा छडा लागला तो उसाच्याच पानात. १९६० च्या दशकात आधी हवाईमध्ये कॉर्टशाक आणि सहकाऱ्यांना ती खूण दिसली आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी सगळी वाट उलगडून दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या त्या दोघांची प्रयोगशाळा एका साखर कंपनीची होती, हे मला फार आवडतं.

पानात झालेली साखर कांड्यांत उतरते. कोवळ्या कांडीत इन्व्हर्टेज नावाचं विकर सतत कामावर असतं. ते आलेल्या साखरेचे लगेच दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि वाढीच्या कामाला जुंपतं. म्हणून शेंड्याकडचा ऊस पाणचट लागतो. कांडी जून झाली की हे विकर मंदावतं आणि साखर अख्खी साठू लागते. आधी बुडख्याकडच्या कांड्या भरतात, मग क्रमाने वरच्या. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर-आंबेगावच्या रात्री चांगल्याच गारठतात. थंडीने उसाची वाढ अडते, पण पानं दिवसा साखर करतच राहतात. कमाई चालू आणि खर्च बंद. तेवढ्या काळात ऊस ‘पक्व’ होतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर हातात मावणारा एक रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. कांडीला टोच्या मारून रसाचा एक थेंब त्याच्या काचेवर टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत एक पट्टी दिसते, वर निळी, खाली पांढरी. दोन रंग जिथे भेटतात तो आकडा म्हणजे ब्रिक्स, रसात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण. थेंब बुडख्याचा घेतला तर रेघ वर चढते, शेंड्याचा घेतला तर घसरते. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले की समजायचं, ऊस शेंड्यापर्यंत भरला. तोडायचा तो आत्ता.

आणि नाही तोडला तर?

मार्च सरतो. ऊन तापतं, रात्री उबदार होतात. दबलेली वाढ पुन्हा डोकं काढते आणि ऊस साठवलेल्या साखरेवर हात टाकतो. जुन्या कांड्यांत झोपलेलं इन्व्हर्टेज पुन्हा कामाला लागतं. साखरेचे पुन्हा दोन तुकडे होतात, आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज कितीही गोड असले तरी कारखान्याच्या कढईत त्यांचे दाणे बसत नाहीत. ते मळीत जातात. म्हणजे चाखून ऊस गोडच लागतो, पण कारखान्यापुरती त्यातली साखर गेलेली असते.

ही चोरी पकडण्याची तऱ्हा तर फारच देखणी आहे. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश, तर ती पातळी उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त तितकी ती जास्त वळते. त्याच साखरेचे तुकडे झाले की ग्लुकोज उजवीकडे ओढतो, फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे आणि एकूण प्रकाश चक्क डाव्या अंगाला वळतो. प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलरीमीटर असतो आणि ‘पोल’चा आकडा रोज फळ्यावर चढतो तो यामुळे. जुन्नर तालुक्यात शिरोलीजवळ निवृत्तीनगरला विघ्नहर कारखाना आहे, आंबेगावात पारगावला भीमाशंकर. तिथल्या प्रयोगशाळेत बसलेला केमिस्ट शिवारात पाऊलही न टाकता सांगू शकतो की बाहेर उन्हाळा लागला. त्याला ते प्रकाशाच्या वळणातून कळतं.

त्यातून उसाला तुरा आला असेल तर आणखी पंचाईत. तुरा दिसतो हिवाळ्यात, पण त्याचा निर्णय उसाने पावसाळ्याच्या शेवटाला, दिवस लहान व्हायला लागले तेव्हाच घेतलेला असतो. तुऱ्यानंतर नवीन पानं येत नाहीत, वाढ थांबते. काही आठवडे त्याचा फायदाच होतो, साखर भरते. पण दीड-दोन महिने लोटले की वरच्या कांड्यांत दशी पडते, म्हणजे गाभा कापसासारखा पोकळ होतो. डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि त्या मायउसाच्या साखरेवर पोसल्या जातात. ऊस हलका होतो. काट्यावर हा हलकेपणा थेट पैशांत दिसतो, कारण आपल्याकडे शेतकऱ्याला पैसे मिळतात ते टनावर.

मग एवढं सगळं ठाऊक असताना ऊस वेळेवर का तुटत नाही? नियोजन नाही, राजकारण आहे, कारखाना मुद्दाम मागे ठेवतो, अशी उत्तरं पारावर मिळतात आणि त्यात तथ्य नसतंच असं नाही. पण मूळ कारण त्याही खाली आहे.

गहू कापला की पोत्यात भरता येतो, कांदा अराखीत ठेवता येतो. या भागात कांद्याच्या अराख्या गावोगाव दिसतात. तोडलेला ऊस मात्र ठेवता येत नाही. तो साठवायची जगात एकच जागा आहे, त्याचं स्वतःचं मूळ. कारखान्याचा कच्चा माल साठवणारं गोदाम म्हणजे शेतकऱ्याचं रान. समजा एका कारखान्याची गाळपक्षमता दिवसाला ५,००० टन आहे आणि त्याच्या हद्दीत साडेसात लाख टन ऊस आहे. एकही दिवस बंद न पडता कारखाना चालला तरी दीडशे दिवस लागणार. थंडीने साखर शिगेला नेण्याचे दिवस त्याच्या निम्मेही नाहीत. तेव्हा कुणाचा तरी ऊस कच्चा असताना जाणार आणि कुणाचा तरी उतरल्यावर. दीडशे दिवसांचा ऊस साठ दिवसांत गाळेल एवढा मोठा कारखाना बांधला तर तो उरलेलं वर्ष गंजत पडेल. म्हणजे उशीर हा या धंद्याच्या हिशेबात आधीच धरलेला आहे. फक्त तो कुणाच्या वाट्याला येणार, एवढाच प्रश्न.

लागणीच्या वेळा वाटून यावर थोडा तोडगा काढलेला आहे. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू आणि तुटलेल्या बुडख्यांतून येणारा खोडवा, अशी रांग लावायची आणि त्या नोंदींवरून तोडणीचा कार्यक्रम आखायचा. उशिरापर्यंत टिकणारं वाण हाही एक उपाय. को ८६०३२ म्हणजे ‘नीरा’ हे वाण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडून १९९६ साली आलं आणि महाराष्ट्रभर पसरलं, त्यात त्याच्या साखर उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीचा, मोठा वाटा आहे. पण पाऊस लांबला, कारखाना उशिरा पेटला, मध्येच गिरणीत बिघाड झाला की सगळी रांग सरकते आणि शेवटच्या माणसाला शेवटचा धक्का बसतो.

त्यात तोडणारी माणसं. गव्हाच्या बाबतीत निसर्ग कापणीवाल्यांच्या सोयीचा आहे. आपल्याकडे गहू आधी पिकतो, पंजाबात नंतर. त्यामुळे पंजाबचे कम्बाइन फेब्रुवारी-मार्चला इकडे येतात, कापणी करतात आणि वैशाखीपर्यंत घरच्या शेतात पोचतात. अमेरिकेत हीच भटकंती टेक्सासपासून उत्तरेला कॅनडापर्यंत चालते. १९४४ साली, युद्धात माणसं कमी पडली तेव्हा, मॅसी-हॅरिस कंपनीचे ५०० कम्बाइन पिकत्या गव्हामागे असे दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले होते. पीक पुढे पिकत जातं, यंत्र मागे चालत राहतं. उसाला ही सोय नाही. बीडपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडे तो एकाच थंडीत पिकतो आणि सगळ्यांना टोळी एकाच वेळी हवी असते.

टोळ्या येतात बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. पहाटे अंधारात फडात उतरायचं, कोयता जमिनीलगत चालवायचा, कारण सगळ्यात गोड कांडी तळाची. वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संपाच्या इशाऱ्यांनंतर आणि बऱ्याच बैठकांनंतर. या कामाकडे ज्याने जवळून पाहिलं असेल त्याला ती जास्त वाटणार नाही.

हंगामाच्या शेवटी या माणसांचं गणितही बदलतं. उचल फिटत आलेली असते. पाडवा झाला की गावाकडची ओढ लागते, स्वतःचं कोरडवाहू रान नांगरायचं असतं. पारा चाळिशीकडे सरकतो आणि फडात वारा शिरत नाही. ऊस वाळलेला, पाचट धारेसारखं कापणारं. तुऱ्याच्या उसाला हिरवं वाढं नाही, म्हणजे ते जनावरांसाठी विकून मिळणारे वरचे पैसेही गेले. लोळलेला ऊस असेल तर एकेक कांडी उपसून काढायची आणि खाली काय बसलंय ते देवालाच ठाऊक. अशा फडाला टोळी नको म्हणते. मग शेतकरी ‘खुशाली’ देतो. कागदावर नसलेली, एकराच्या हिशेबाने रोख मोजलेली ही रक्कम नावाला खुशीची असते. टोळीला दोष देणं सोपं आहे. पण एप्रिलच्या उन्हात तो फड तोडायला तयार असलेली महाराष्ट्रात दुसरी माणसं नाहीत, हेही तितकंच खरं.

आणि शेतकऱ्याचा पेच बघा. तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं असतं, म्हणजे साखर भरते आणि रानात गाडी रुतत नाही. पण टोळी कधी येणार ते नक्की नाही. पाणी तोडलं आणि टोळी महिनाभर आली नाही तर ऊस वाळणार. पाणी दिलं आणि टोळी परवाच आली तर चिखलामुळे ती दुसऱ्याच्या फडावर जाणार आणि आपला नंबर गेला. त्यातच कुकडीच्या कालव्याचं आवर्तन आपल्या तारखेने येतं. हा जुगार खोडदसारख्या गावांत दर उन्हाळ्यात खेळला जातो.

यंत्राने सुटेल का? ऊसतोडणी हार्वेस्टरची किंमत कोटीच्या घरात. ९०० यंत्रांसाठी राज्याने ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांत जे कमी असेल तेवढं अनुदान जाहीर केलं. यंत्र उसाच्या रांगेवर चालतं, बुडातून कापतं, वीतभर लांबीचे तुकडे करतं, पंख्याने पाचट उडवतं आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत माल सोडतं. बघत राहावं असं काम. पण त्याला रुंद सरी लागते, वळायला जागा लागते. खोडदच्या बाजूला एकराचे, अर्ध्या एकराचे तुकडे, मधे बांध, बांधावर झाडं आणि विजेचे खांब. ओली काळी जमीन असली की एवढं वजन रुततं आणि पुढच्या खोडव्याची मुळं चेपून जातात.

यंत्राची आणखी एक अडचण आहे. ती कळायला मात्र पुन्हा उसाच्या आत जावं लागेल. ऊस तुटला तरी मेलेला नसतो. पेशी श्वास घेत राहतात, साखर जाळत राहतात, पाणी उडून जातं. आणि कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट गोंद बनवतात. गोंदामुळे रस घट्ट होतो, गाळणी तुंबते आणि साखरेचा दाणासुद्धा वेगळा वाढतो, एरवीच्या चौकोनी दाण्याऐवजी लांबट, सुईकडे झुकणारा. दाण्याचा आकार बघून माल शिळा होता का, हे जाणकार ओळखतो. आता मोजा. दहा फुटांचा ऊस हाताने तोडला तर त्याला उघडी तोंडं दोन. यंत्राने त्याचे वीतभराचे पंधरा तुकडे केले की तोंडं तीस. म्हणून ऊस चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडावा असं म्हणतात आणि यंत्राच्या उसाला तर त्याहून घाई हवी. मे महिन्यात कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरची रांग लागली की तिथे उन्हात उभी राहिलेली प्रत्येक ट्रॉली साखर गमावत असते.

जळालेल्या उसाचं तेच, पण जास्त वेगाने. उन्हाळ्यात पाचट वाळून कोळ होतं, लोंबकळणाऱ्या तारांची एक ठिणगी पुरते. आगीत ऊस पूर्ण जळत नाही, वरचं पाचट भुर्रकन जातं. पण उष्णतेने साल तडकते, मेणाचा थर वितळतो, रस बाहेर झिरपतो आणि जिवाणूंना रान मोकळं होतं. म्हणून जळीत ऊस कारखान्याला रांग मोडून आधी घ्यावा लागतो आणि दरात कपात होते. यातून एक भयंकर शहाणपण जन्माला आलं आहे. नंबर लागतच नाही, टोळी येतच नाही, तेव्हा कपात सोसून स्वतःच्या हाताने फड पेटवायचा. निदान तुटतो तरी.

जुन्नर-आंबेगावात या सगळ्यावर आणखी एक पदर चढतो, बिबट्याचा. उसात त्याला आडोसा आहे, गारवा आहे, कालव्याचं पाणी आहे आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या माद्या उसात वीत गेल्या, त्यामुळे इथल्या बिबट्यांना ऊस हेच घर. तोडणी सुरू झाली की हे घर तुकड्यातुकड्याने नाहीसं होत जातं. डिसेंबरात बिबट्याला दहा फड होते, एप्रिलमध्ये दोन उरतात. शेवटच्या फडाच्या वाट्याला उतरलेली साखर तर येतेच, आसपासच्या शिवारातली उरलीसुरली जनावरंही तिथेच गोळा होतात. आणि तो तोडायला उतरतात कोप्यांत राहणारी, दाराला कडी नसलेली माणसं. त्यांची पोरं फडाच्या कडेलाच खेळत असतात. बांधावर रात्री पाणी धरायला जाणाऱ्याची गतही तीच. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी केवळ सोयीची नाही.

वाकून तोडत असताना पाचटात मांजरीएवढी पिल्लं दिसतात, हे या भागात दर हंगामाला घडतं. मग काम थांबतं, वनखात्याला फोन जातो. माणिकडोहला वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस यांचं बिबट निवारा केंद्र आहे. तिथले डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी ती जिथे सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात. कॅमेरा लावून सगळे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, आजूबाजूचा अंदाज घेते, क्रेट कलंडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. एकाला पोचवून दुसऱ्यासाठी परत येते. हे असंच का करायचं याला कारण आहे. २००१ नंतरच्या काळात जुन्नरचे कितीतरी बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते. पण हे सगळं ऐकवून शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या लोकांचं समाधान कसं करणार? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेमतेम तीन आठवड्यांत, त्या परिसरात तीन बळी गेले. त्यातली दोन मुलं होती. लोक महामार्गावर उतरले ते उगाच नाही.

उशिराचा कळस महाराष्ट्राने पाहिला तो २०२१-२२ च्या हंगामात. पाऊस चांगला झालेला, लागण अफाट. राज्याने १,३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला, १३७ लाख टन साखर केली आणि उत्तर प्रदेशालाही मागे टाकलं. वर्तमानपत्रांत विक्रमाचे मथळे आले. त्याच मे महिन्यात मराठवाड्यात फडच्या फड उभे होते. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने ऊस पेटवला आणि जीव दिला. धुराडी विझायला जूनचा मध्य उजाडला, तेव्हा मृगाचे ढग आले होते. सरकारने १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी टनामागे २०० रुपये उतारा घट अनुदान आणि ५० किलोमीटरपुढच्या वाहतुकीला टनामागे दर किलोमीटरला ५ रुपये जाहीर केले. कारखान्यांनी धुराडी पेटती ठेवावीत म्हणून ते होतं. ते आवश्यकही होतं. पण त्यात एक गोष्ट सुटली आणि ती आजही सुटलेलीच आहे.

एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. म्हणजे नोव्हेंबरचा कच्चा ऊस, फेब्रुवारीचा भरलेला आणि मेचा उतरलेला, तिन्हींना दर एकच. उताऱ्यातली घट सगळ्या सभासदांत वाटली जाते. वजनातली घट मात्र वाटली जात नाही. ती ज्याची त्याची. समजा एकरी ५० टन येणारा ऊस मेपर्यंत ४५ टनांवर आला आणि हातात टनाला ३,००० रुपये पडले, तर १५,००० रुपये एकट्याने सोसायचे. त्यात खुशाली मिळवा. खोडव्याचं नुकसानही मिळवा, कारण १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा अशी शिफारस आहे. मेमध्ये तुटलेल्याने तो ठेवला तर उन्हात फुटवे मरतात आणि मोडला तर नव्या लागणीचा खर्च.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्येही ऊस तोडतात ते कंत्राटी हार्वेस्टरवालेच. पावसाने हंगाम बुडतो तेव्हा तिथेही ऊस उभा राहतो. २०१० साली तो पुढच्या वर्षावर ढकलावा लागला होता. पण तिथे एका शेतकऱ्याचा सगळा ऊस एकदम तोडत नाहीत. थोडा सुरुवातीला, थोडा मध्ये, थोडा शेवटी, अशा फेऱ्या लावतात. उशिराचा तोटा सगळ्यांच्या अंगावर थोडाथोडा येतो. कित्येक कारखान्यांत साखरेचा हिशेबही त्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून करतात, म्हणजे तारखेमुळे कुणी बुडत नाही. शंभर हेक्टरच्या शेतात अशा फेऱ्या जमतात. खोडदच्या एका एकरात तीन वेळा टोळी आणणं शक्य नाही, हे उघड आहे.

शक्य आहे ते दुसरं. आपल्याकडचे काही कारखाने फेब्रुवारी, मार्च, एप्रिल अशा टप्प्यांनी उशिराच्या उसाला टनामागे जादा रक्कम देतात. ती आज संचालक मंडळाच्या मर्जीवर, त्या वर्षीच्या चढाओढीवर आणि कधी निवडणुकीवर अवलंबून असते. कारखाना स्वतःच्या साखरेच्या गोदामाचा विमा भरतो, राखणदार ठेवतो, त्याचा खर्च ताळेबंदात दाखवतो. उसाचं गोदाम शेतकऱ्याच्या रानात आहे, म्हणून त्याला भाडं नाही, हे चालू देण्याचं कारण नाही. ऊस नोंदीवर लागणीची तारीख आधीपासून असते आणि तिच्यावरून पक्वतेची तारीख काढता येते. त्या तारखेपुढच्या प्रत्येक पंधरवड्याला टनामागे ठरलेली रक्कम, लेखी आणि हंगाम सुरू होण्याआधी जाहीर, एवढं केलं तरी पुरे. ती सगळ्या सभासदांच्या पैशांतूनच जाईल, हे खरं आहे. पण आज तीच रक्कम रांगेतला शेवटचा माणूस एकटा भरतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत हा विषय कुणीही सभासद मांडू शकतो. ज्याचा ऊस यंदा डिसेंबरातच गेला, त्याने तो मांडला तर जास्त बरं.